खिडकी बाजाराने दिली नाही

व्हिक्टोरियाकालीन इंग्लंडमधील लाल विटांच्या, सामायिक भिंतींनी जोडलेल्या घरांच्या रांगा दाखवून मुक्त बाजाराचे भाट सांगतात की, सरकार आड आले नाही म्हणूनच कामगाराला असे नेटके घर मिळाले. इतिहासाचा हा विपर्यास आहे.

बांधणारे खरोखरच मोकळे होते, तेव्हा त्यांनी लीड्स, बर्मिंगहॅम, मँचेस्टर येथे पाठीला पाठ लावून घरे उभारली. तीन भिंती शेजाऱ्यांशी सामायिक, दारे-खिडक्या एकाच बाजूला. वारा आरपार जाण्यास वाट नाही. अनेक कुटुंबांत मिळून मोजके संडास. जमिनीच्या प्रत्येक फुटातून अधिकाधिक भाडे, हेच त्या वास्तुरचनेमागील अर्थशास्त्र होते.

१८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याच्या आधारे नगरपालिकांनी बांधकामाचे उपविधी केले. त्यामुळे रस्ते रुंद झाले, घरामागे मोकळी जागा आली आणि मागच्या भिंतीला खिडकी मिळाली. आज ज्या घरांचे कौतुक होते, त्यांतील बहुतेक या उपविधींचीच अपत्ये आहेत. अर्थात, सुधारलेल्या घराचे वाढीव भाडे अतिगरिबांना परवडले नाही. कायद्याची ही उणीव मान्य केलीच पाहिजे. पण बाजाराने ती भरून काढली नाही. १९०९ मध्ये पाठीला पाठ लावलेल्या घरांवर बंदी आली, तरी पूर्वमंजूर नकाशांच्या आधारे लीड्समध्ये ती १९३७ पर्यंत बांधली जात होती.

म्हणून घरबांधणीचे नियम म्हणजे प्रगतीतील अडथळे, असे कोणी म्हणू लागल्यास कार्यकर्त्यांनी एवढेच विचारावे : नियम नव्हते, तेव्हा मागची खिडकी कुठे होती?