काळ्या यादीची साक्ष

व्यापार पतीवर चालतो आणि पत चौघांच्या साक्षीवर ठरते. परंतु साक्षीदाराची पारख न करता निवाडा देणारा व्यापारी आपल्याच हाताने नुकसान ओढवून घेतो, हे आपले वाडवडील जाणून होते. आज पेढीवरील बहुतेक पत्रव्यवहार ई-मेलने होतो. तेथे मात्र या शहाणपणाचा आपणांस विसर पडला आहे, असे आम्हांस खेदाने म्हणावे लागते.

फसवी व उपद्रवी पत्रे अडविण्यासाठी मेल-सर्व्हरवर चाळणी बसविलेली असते. पत्र पाठविणाऱ्या यंत्राच्या आयपी पत्त्याचे चारही आकडे उलट क्रमाने मांडून ती डीएनएसच्या मार्गाने काळ्या यादीकडे विचारणा करते. १२७.०.०.२ यासारखे उत्तर आले, तर पत्ता यादीत आहे. असे नावच अस्तित्वात नाही असे कळले, तर तो यादीत नाही. येथवर सारे सरळ आहे.

परंतु यादीच बंद पडली असेल तर? ओआरडीबी ही यादी २००६ च्या अखेरीस बंद झाली आणि मार्च २००८ मध्ये ती प्रत्येक पत्त्याला ‘दोषी’ म्हणू लागली. ज्यांनी तिचे नाव चाळणीतून काढले नव्हते, त्यांचे सज्जनांचे टपालही परत गेले. दुसरी गोष्ट स्पॅमहाउसची. सार्वजनिक डीएनएसमार्फत आलेली विचारणा ती संस्था नाकारते व १२७.२५५.२५५.२५४ असे उत्तर देते. याचा अर्थ ‘तुम्हांस सांगणार नाही’ इतकाच; पण बेसावध चाळणी तो ‘दोषी’ असा लावते. उलटपक्षी, उत्तरास विलंब झाला की तीच चाळणी ठकालाही निर्दोष ठरवून आत घेते.

‘आहे’ आणि ‘नाही’ यांखेरीज ‘अवक्तव्य’ असाही एक पक्ष असतो, हे स्याद्वादाच्या वारसदारांना आम्ही काय सांगावे! शास्त्रार्थ बाजूला ठेवला, तरी व्यवहारात हा भेद पाळलाच पाहिजे.

म्हणून सदस्यबंधूंनी आपल्या तंत्रज्ञाकडून पुढील गोष्टी करून घ्याव्यात. चाळणीसाठी डीएनएस स्वतःचा असावा. प्रत्येक यादीस १२७.०.०.२ व १२७.०.०.१ हे दोन पत्ते विचारावेत. पहिला यादीत सापडलाच पाहिजे, दुसरा कदापि सापडता कामा नये. उत्तराचा आकडा नेमका तपासावा. जून २०२४ मध्ये बंद झालेल्या सॉर्ब्ससारख्या याद्या काढून टाकाव्यात. एका यादीच्या शब्दावर पत्र न नाकारता, अनेक खुणांचे गुण जुळवून निर्णय करावा. नाकारायचेच झाले, तर कारणासह दारातूनच परत करावे. गुपचूप नष्ट करू नये.

एकाच सर्व्हरवर अनेक पेढ्या असतात. शेजाऱ्याच्या दोषाने निरपराध माणूस यादीत जातो. त्याचे मागणीपत्र आपल्याला मिळत नाही आणि आपण उत्तर दिले नाही म्हणून तो आपल्याला उर्मट समजतो. असा पिढीजात संबंध तुटला, तर त्याची नोंद कोणत्याही खतावणीत सापडत नाही. ठकापासून सावध राहणे हा व्यापाऱ्याचा धर्म खरा. पण सज्जनावर खोटा आळ न घेणे हाही धर्मच होय.