मूक चित्रफितींची बोलकी शीर्षके

सन १८९९ मध्ये वॉरविक ट्रेडिंग कंपनी या इंग्रज संस्थेने गंगेवरून दिसणाऱ्या कलकत्त्याचे दर्शन घडविणारी एक छोटी चित्रफीत वितरित केली. भारतात चित्रित झालेल्या आणि आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या चलच्चित्रांत तिची गणना होते. पात्रातून सरकत जाणारा कॅमेरा, पायऱ्यापायऱ्यांचे घाट, त्यांवरची माणसे. सारे काही तीत आहे, फक्त कलकत्ता नाही. ते घाट काशीचे आहेत. काशीयात्रा करून आलेल्या कोणाही मराठी वारसदाराला हे क्षणात उमगले असते. परंतु शीर्षक देणाऱ्याने त्याला विचारले नव्हते, आणि ज्यांच्यासाठी चित्रफीत निघाली त्या प्रेक्षकाला काशी काय नि कलकत्ता काय, पूर्वेकडील एक नदी पुरेशी होती.

आरंभीच्या प्रवासदृश्यांकडे व समारंभचित्रांकडे इतिहासाचा निर्विवाद पुरावा म्हणून पाहण्याची प्रथा पडली आहे. ही प्रथा भाबडी आहे. मूक चित्राला अर्थ प्राप्त होतो तो शीर्षकामुळे, जाहिरातीमुळे, वृत्तपत्रातील वर्णनामुळे, म्हणजे शब्दांमुळेच. साहित्याच्या अभ्यासकांनी हे क्षेत्र चित्रपटाच्या इतिहासकारांवर सोपवून स्वस्थ बसणे म्हणूनच योग्य नव्हे. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सांगणारा कोण, तो दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे का निघाला, कशाला भ्याला, हे वाचकास ठाऊक असते व त्यानुसार तो कथनाचे मोल ठरवितो. चित्रफितीतील प्रवासी मात्र यंत्रामागे दडलेला असतो. त्याचे ‘मी’पण पुसले गेले की त्याची निवड हीच वस्तुस्थिती वाटू लागते.

समारंभांच्या बाबतीत प्रकरण अधिक गंभीर होते. १२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात संस्थानिकांनी एकेक करून पंचम जॉर्ज यांना मुजरा केला. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड निजामानंतर पुढे आले, एकदाच किंचित लवले आणि पाठ फिरवून चालते झाले, असा गवगवा झाला. महाराजांनी व्हाइसरॉय हार्डिंग यांना खुलाशाचे पत्र लिहिले. लंडनच्या ‘टाइम्स’ने ते छापले. इकडे दरबाराच्या चित्रफिती लंडनमध्ये दाखविल्या जाऊ लागल्या, आणि अपमान झाला की नाही याचा निवाडा प्रेक्षक पडद्यावर शोधू लागले. राजनिष्ठेची परीक्षा बहुधा प्रथमच यंत्राच्या साक्षीने होत होती! पण ती साक्ष कोणत्या बाजूची? दुरून टिपलेली एक आकृती येते, वाकते, वळते, निघून जाते. उद्धटपणा, गोंधळ, थकवा, स्वाभिमान यांपैकी काय ते चित्र सांगत नाही. संतप्त इंग्रजाला त्यात राजद्रोह दिसला. पुढे राष्ट्रीय वृत्तीच्या वाचकाला त्याच हालचालीत बाणेदारपणा दिसला. दोघेही चित्र पाहत नव्हते, आपापला मजकूर वाचत होते. महाराजांचे पत्र शासकीय दडपणाखाली लिहिलेले, म्हणून तेही अखेरचा शब्द ठरत नाही. पत्र, वृत्तपत्रे, चित्रफीत ही तिन्ही समोर ठेवून अर्थ लावणे हे पाठचिकित्सेचेच काम आहे, आणि ते करण्यासाठी भारतीय भाषांतील मजकूर वाचता यावा लागतो. परदेशी संग्रहालयांतील सूची प्रायः इंग्रजी शीर्षकांवर उभ्या आहेत; काशीचे कलकत्ता होते ते अशाने. घाट, पोशाख, पागोट्याची धाटणी, मिरवणुकीतील मानकऱ्यांचा क्रम ओळखणारे डोळे तेथे क्वचितच असतात.

याच्या उलट टोकाचे उदाहरण मुंबईचे आहे. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी डिसेंबर १९०१ मध्ये केंब्रिजहून परतलेल्या रँग्लर र. पु. परांजपे यांच्या स्वागताचे चित्रण केले. परक्या राजाच्या आगमनाऐवजी गणितात पहिल्या आलेल्या एका मराठी विद्यार्थ्याचे आगमन त्यांना टिपण्याजोगे वाटले, ही निवडच एक विधान आहे. तिला कोणी चुकीचे शीर्षक दिलेले नाही. मात्र ती चित्रफीत आज अस्तित्वात नाही. गर्दी किती होती, हार कोणी घातले, परांजपे कॅमेऱ्याकडे पाहून हसले की संकोचले, हे शोधायचे तर आता त्या काळच्या मराठी वृत्तपत्रांचे अंकच उघडावे लागतात.