गर्दीची वेळ ठाऊक असताना

आमच्या खानदेशात पंगत म्हटली की वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी आलीच. जळगावजवळच्या आमच्या असोद्यात अशी पंगत असली, की मांडवाच्या दाराशी एखादे जाणते गृहस्थ उभे असतात. "आप्पा, तुम्ही इकडे या, नाना, तुम्ही पलीकडच्या रांगेत बसा," असे ते सांगत असतात. कोणत्या रांगेत जागा आहे आणि कोणता वाढपी दमला आहे, इकडे त्यांचे लक्ष असते. सारी गर्दी एकाच रांगेवर पडू द्यायची नाही, एवढेच त्यांचे काम. पण ते नसले तर पंगतीचा विचका होतो.

मोठ्या संकेतस्थळाच्या दाराशीही असेच एक यंत्र असते. त्याला 'लोड बॅलन्सर' म्हणतात. आपण त्याला भारवाटप यंत्र म्हणू. संकेतस्थळ एकाच संगणकावर चालत नाही. त्यामागे दहा, शंभर, कधी हजारो संगणक असतात. तुमची मागणी आली, की भारवाटप यंत्र ती त्यांपैकी एकाकडे पाठवते. ठरावीक वेळाने ते प्रत्येक संगणकाची विचारपूस करते आणि जो उत्तर देत नाही त्याच्याकडे माणसे पाठवणे थांबवते.

हे संगणक विकत न घेता भाड्यानेही मिळतात. यालाच 'क्लाउड' म्हणतात. ॲमेझॉन कंपनीने २००६ साली अशी सेवा सुरू केली. २००९ साली तिने भारवाटप यंत्र आणि गर्दीप्रमाणे संगणक आपोआप वाढवण्या-घटवण्याची सोयही दिली. २०१६ पासून तिची अशी केंद्रे मुंबईतही आहेत. नियम साधा असतो. समजा, संगणकांवरचा सरासरी भार ७० टक्क्यांच्या वर गेला तर आणखी संगणक जोडा. ३० टक्क्यांखाली आला तर काही काढून घ्या.

"मग काळजीच मिटली! सारे आपोआप होईल," असे तुम्ही म्हणाल. पुष्कळ मोठी माणसेही असेच म्हणतात. माझे मत मात्र वेगळे आहे.

१६ जुलै २०२१ हा दिवस आठवा. त्या वर्षी करोनामुळे दहावीची परीक्षा झाली नव्हती. शाळांनी केलेल्या मूल्यमापनावरून सुमारे पावणेसोळा लाख विद्यार्थ्यांचा निकाल दुपारी १ वाजता जाहीर व्हायचा होता. एक वाजला आणि निकालाची संकेतस्थळे कोलमडली. कित्येक तास मुलांना निकाल दिसेना.

असे का होते, हे आकड्यांनी पाहू. समजा, दर सेकंदाला १,००० मुले निकाल मागत आहेत आणि यंत्रणा ८०० जणांनाच उत्तर देऊ शकते. म्हणजे दर सेकंदाला २०० मुले मागे राहतात. एका मिनिटात ती १२,००० होतात. आता ही मुले गप्प बसतील का? प्रत्येकजण दर दहा सेकंदांनी पुन्हा बटण दाबणार! म्हणजे दर सेकंदाला आणखी १,२०० मागण्या. मूळची मुले हजारच. पण मिनिटभरात भार २,२०० झाला. जितका उशीर तितके बटण दाबणे, आणि जितके बटण दाबणे तितका आणखी उशीर. परिणाम उलटून कारणालाच वाढवतो, त्याला भौतिकशास्त्रात धन प्रत्याभरण म्हणतात.

संगणक आपोआप वाढवणे हा त्यावरचा उतारा. ते ऋण प्रत्याभरण होय. जेम्स वॉटने १७८८ मध्ये वाफेच्या एंजिनाला फिरत्या गोळ्यांचा नियंता बसवला, त्याचे तत्त्व हेच. वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जात, वाफेची झडप मिटू लागे आणि वेग आवरला जाई. पण काही एंजिने या नियंत्यामुळेच कमी-जास्त वेगाने हेलकावे खाऊ लागली. १८६८ मध्ये मॅक्सवेल यांनी गणिताने दाखवले, की नियंता केव्हा वेग स्थिर ठेवील आणि केव्हा हेलकावे वाढवील. दुरुस्ती उशिरा पोहोचली तरी असेच बिघडते.

संगणकांचेही तसेच आहे. भार वाढल्याचे मोजायचे, खात्री करायची, नवा संगणक सुरू करायचा, त्यात आज्ञावली भरायची. यात काही मिनिटे जातात. वर पाहिलेच, की एका मिनिटात काय होते! बट्टी आधी भाजावी वा उकडावी लागते, मग तिचे तुकडे करून तळावे लागतात. पंगत बसल्यावर कणीक मळायला घेणाऱ्या यजमानाला तुम्ही काय म्हणाल?

आणखी एक गोष्ट सहज विसरली जाते. दाराशी उभे असलेले भारवाटप यंत्र हेही शेवटी संगणकच. त्याचीही क्षमता मर्यादित. म्हणून गर्दी वाढली की भारवाटप यंत्रेही वाढवावी लागतात आणि त्यांचे नवे पत्ते जगाला कळवावे लागतात. तुमचा मोबाइल मात्र जुना पत्ता काही काळ लक्षात ठेवतो. म्हणजे पुन्हा उशीर. कंपन्यांनाही ही अडचण ठाऊक आहे. २०२४ मध्ये ॲमेझॉनने भारवाटप यंत्राची क्षमता आधीच राखून ठेवण्याची सोय दिली.

म्हणून माझे म्हणणे असे: अचानक येणाऱ्या गर्दीसाठी स्वयंचलन उत्तम. पूर केव्हा येईल आणि लोक माहितीसाठी केव्हा धावतील, हे कोण सांगणार? पण निकालाची तारीख, वेळ आणि मुलांची संख्या आधीपासून ठाऊक असते. तेथे स्वयंचलनावर विसंबून राहणे हा निव्वळ आळस आहे. यंत्रे तासभर आधी वाढवून ठेवावीत. शिवाय लागलेला निकाल सहसा बदलत नाही. त्याच्या प्रती आधीच अनेक ठिकाणी ठेवता येतात. नाहीतर पुढे शंभर संगणक आणि मागे माहितीचे एकच कोठार, अशी स्थिती झाली तर गर्दी त्या कोठाराशी तुंबते.

"याला पैसे पडतील," असे कोणी म्हणेल. पडतील, पण भाड्याची यंत्रे अर्ध्या दिवसासाठीच लागतात आणि संध्याकाळी परत करता येतात. २०२५ चा दहावीचा निकाल अनेक संकेतस्थळांवर आणि डिजिलॉकरवरही ठेवला होता. भार आधीच वाटून देण्याचा हा मार्ग योग्यच आहे.

मुलांनी दर दहा सेकंदांनी बटण दाबू नये, हे खरे. पण दहा वर्षांच्या अभ्यासाचे फळ पाहायला बसलेल्या मुलाला दोष देणे मला पटत नाही. ज्याच्या घरी स्वतःचा मोबाइल आहे, तो संध्याकाळपर्यंत वाट पाहील. शेजाऱ्याचा मोबाइल घटकाभर मागून आणलेल्या मुलीने काय करावे? दाराशी उभ्या असलेल्या माणसाने तिलाही वेळेवर पान मिळेल असे पाहिले पाहिजे.

उद्या मधल्या सुट्टीत शाळेच्या नळापाशी उभे राहा. घंटा झाल्यावर दर मिनिटाला किती मुले येतात, किती पाणी पिऊन जातात, हे वहीत मांडा. रांग कोणत्या मिनिटाला सर्वांत लांब होते? सुट्टीची वेळ तर साऱ्या शाळेला ठाऊक असते. मग ती रांग कमी करायला आधी काय करून ठेवता येईल? उत्तर सापडले तर मुख्याध्यापकांना जरूर दाखवा.