गोळीबरोबर व्यायामही लिहून द्या

ऑपरेशननंतर क जीवनसत्त्व घेतलं की कायमचं दुखणं टळतं, हे गेल्या अंकातील पत्र वाचून भोसरी-चाकणच्या कारखान्यांतले कामगार गोळीवर विसंबतील, अशी मला भीती वाटते. या दाव्यामागचा डच अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. रोज ५०० मिलिग्रॅम, ५० दिवस घेतल्यावर हात सुजून जळजळत राहण्याचा विकार २२ऐवजी ७ टक्के रुग्णांत दिसला. मात्र ते सारे मनगट मोडून प्लास्टर घातलेले रुग्ण होते, ऑपरेशन झालेले नव्हेत! पुढे २०१४ मध्ये एडिंबराच्या ३३६ रुग्णांत फायदा आढळला नाही.

पॉवर प्रेसखाली चिरडलेल्या बोटांची गोष्ट तर आणखी वेगळी; तिथे अनेकदा नसाच तुटलेल्या असतात. गोळी स्वस्त आहे, माझा विरोध नाही. मूतखडा असेल तर डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. पण भीतीने हात गुंडाळून ठेवला की सांधे आखडतात, दुखणं मुरतं. खाडा पडेल म्हणून अनेक जण फिजिओथेरपीला जात नाहीत. पण ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा) विमेदाराला कामावरच्या अपघातातील रजेत वेतनाच्या सुमारे ९० टक्के भत्ता मिळतो. त्यासाठी कंत्राटी कामगारांनीही अपघाताची नोंद त्याच दिवशी करून घ्यावी.

– एक वाचक, भोसरी