काळजीवाहकाला विचारणार कोण?

दीर्घकालीन आजारात रुग्णाची बहुतेक शुश्रूषा रुग्णालयात नव्हे तर घरी होते, आणि घरातही ती सर्वांच्या वाट्याला सारखी न येता पत्नी, सून, मुलगी, आई किंवा क्वचित पती वा मुलगा अशा एखाद्याच व्यक्तीच्या अंगावर पडते, हे या मासिकाच्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया आणि २१.४ टक्के पुरुष घरातील माणसांच्या देखभालीत सहभागी असल्याचे आढळले, आणि हे काम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसातील सुमारे १४० मिनिटांचा, तर पुरुषांचा ७४ मिनिटांचा वेळ त्यात जात होता. या आकड्यांत बालसंगोपनाचाही समावेश असल्याने ते केवळ आजारपणाचे मानता येत नाहीत, परंतु भार कोणत्या बाजूला झुकलेला आहे ते त्यांतून पुरेसे दिसते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ आणि मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ या दोन्ही कायद्यांनी काळजीवाहकाची व्याख्या केली असून, मोबदला घेऊन वा न घेता देखभाल करणारी व्यक्ती, मग ती नातेवाईक असो वा नसो, तिच्यात येते. कायद्याला जी व्यक्ती दिसली ती केसपेपरवर मात्र सहसा दिसत नाही, आणि दिसलीच तर ‘सोबतचे नातेवाईक’ या रकान्यात एक नाव व एक मोबाइल क्रमांक एवढ्यापुरतीच.

आरोग्य आणि समाजकार्य या क्षेत्रांतील व्यावसायिक काळजीवाहकाकडे कोणत्या नजरेने पाहतात याचे एक उपयुक्त वर्गीकरण ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ ज्युलिया ट्विग यांनी १९८९ मध्ये तीन दृष्टींत मांडले आणि पुढे त्यात चौथीची भर घातली. त्यातील पहिल्या दृष्टीत काळजीवाहक हे एक साधन असते, म्हणजे ते आहे असे गृहीत धरून सेवेची आखणी होते आणि ते संपेपर्यंत त्याची विचारपूस होत नाही; दुसरीत तो सहकर्मी ठरतो, ज्याला शिकवायचे आणि टिकवायचे, पण अखेर रुग्णाच्या हितासाठी; तिसरीत तो स्वतःच सहलाभार्थी असतो, म्हणजे त्याचा थकवा, पाठदुखी आणि नैराश्य हेही सेवेचे विषय होतात; आणि चौथीत तो ‘मुक्त करावयाचा’ काळजीवाहक असतो, म्हणजे रुग्णाला स्वावलंबी करून वा पर्यायी व्यवस्था उभारून त्याच्यावरचा भार काढणे हे सेवेचे उद्दिष्ट बनते. या चारही दृष्टी एकाच वॉर्डात, कधी एकाच व्यावसायिकाच्या मनात, एका वेळी नांदू शकतात. तरीही आपल्याकडील सार्वजनिक रुग्णालयांचा रोजचा व्यवहार पहिल्या दृष्टीवर उभा आहे हे मान्य करावे लागेल, कारण स्ट्रेचर ढकलणे, तपासणीचे नमुने पोचवणे, बाहेरून औषधे आणणे, रात्री उशाशी बसून सलाइनवर लक्ष ठेवणे ही कामे नातेवाईक करतील असे धरूनच तेथील मनुष्यबळाची गणिते जुळवलेली असतात.

भारतीय मनोरुग्णसेवेने दुसरी दृष्टी फार लवकर आत्मसात केली, ही तिची खरी कमाई आहे. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या कुटुंबीयांना आवारात तंबू देऊन उपचारकाळात सोबत राहण्यास बोलावले, आणि त्यानंतर वेल्लोर व बंगळूर येथील संस्थांनी कुटुंबासह उपचाराची ही रीत आपापल्या पद्धतीने पुढे नेली. पाश्चात्त्य देशांत रुग्णाला कुटुंबापासून दूर ठेवणे हा प्रघात असताना हे घडले याचे महत्त्व कमी लेखता येणार नाही. मात्र सहकर्मी म्हणून सन्मानाने आत घेतलेले कुटुंब मनुष्यबळाच्या टंचाईत बिनपगारी कर्मचारी कधी होऊन बसते, याकडे या परंपरेच्या गौरवात सहसा लक्ष दिले जात नाही.

या निसरड्या उतारावर थांबून पाहण्यास लावणारा पुरावा भारतातच उपलब्ध आहे. पक्षाघातानंतरचे पुनर्वसन, म्हणजे हालचाल, तोल आणि दैनंदिन क्रिया परत मिळवून देणारे उपचार, पुरेशा थेरपिस्टांअभावी कुटुंबीयांना शिकवून घरी करून घेता येतील का, याची चाचणी ‘अटेंड’ या नावाने देशातील १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर झाली आणि तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनंतर मृत किंवा परावलंबी असलेल्यांचे प्रमाण प्रशिक्षित कुटुंबांच्या गटात ४७ टक्के आणि नेहमीची सेवा मिळालेल्या गटातही ४७ टक्केच होते. याच्या शेजारी गोव्यातील प्रयोग ठेवून पाहावा. तेथे स्मृतिभ्रंश, म्हणजे स्मरण, निर्णयशक्ती आणि दैनंदिन व्यवहार यांचा क्रमाने ऱ्हास होणारा विकार, जडलेल्या रुग्णांच्या ८१ कुटुंबांना सहभागी करून घेतलेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत स्थानिक भाषा बोलणारे, अल्पकाळ प्रशिक्षण घेतलेले गृहसेवा सल्लागार सहा महिने घरी जात राहिले. आजाराची माहिती देणे, वर्तनातील अडचणी कशा हाताळाव्यात हे सांगणे, काळजीवाहकाचे ऐकून घेणे, गरज पडल्यास मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवणे आणि सरकारी योजनांची वाट दाखवणे एवढेच त्यांचे काम होते. काळजीवाहकांचे मानसिक आरोग्य त्यातून लक्षणीय सुधारले.

दोन्ही चाचण्यांचे आजार वेगळे, मोजलेले परिणामही वेगळे, तेव्हा त्यांची थेट तुलना शास्त्रशुद्ध ठरणार नाही. तरीही एकीत थेरपिस्टचे काम कुटुंबाकडे सोपवले गेले आणि दुसरीत कुटुंबाला हाक मारता येईल असे माणूस मिळाले, हा भेद व्यवसायाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. काळजीवाहकाला साहाय्य करणे म्हणजे त्याला आणखी कामे शिकवणे, अशी जी समजूत आपल्या प्रशिक्षण-शिबिरांमागे आणि रंगीत पुस्तिकांमागे असते, तिला या पुराव्याने मोठा छेद जातो. किंबहुना शिकवण्याआधीचा प्रश्न, म्हणजे ‘हे काम आपण करू शकता का, आणि करू इच्छिता का’ हा, विचारलाच जात नाही आणि तो विचारणे कोणाच्याही कर्तव्यसूचीत नाही, हे या क्षेत्रातील मुख्य वैगुण्य आहे.

परिचारिकेची भूमिका येथे सर्वांत मोठी आहे, कारण घरी जाण्याच्या आदल्या दिवसांत काळजीवाहकाशी तिचाच संबंध सर्वाधिक येतो. दर दोन तासांनी कूस बदलणे, नाकातील नळीने अन्न देताना आणि त्यानंतर काही काळ डोक्याकडची बाजू उंच ठेवणे, लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली राहील हे पाहणे, शय्याव्रणाची, म्हणजे सतत दाब पडून होणाऱ्या जखमेची, पहिली लाली ओळखणे ही कौशल्ये सांगून नव्हे, तर काळजीवाहकाकडून करवून घेऊन आणि तिच्याच शब्दांत परत सांगायला लावून पक्की होतात. डिस्चार्जच्या दुपारी, बिलाच्या रांगेत एक जण उभा असताना, दुसरीला पाच मिनिटांत हे सर्व सांगितले जाते तेव्हा ते शिक्षण नसते, केवळ सांगितल्याची नोंद असते. त्यातही एक विसंगती अशी की शिकवले जाते ते सोबत आलेल्याला, पुष्कळदा मुलाला किंवा जावयाला, आणि घरी कूस बदलते ती रुग्णालयात त्या दिवशी आलेलीच नसलेली सून. दोन तासांच्या नियमाचा अर्थ रात्रीही दोन तासांनी उठणे असा होतो, आणि तो नियम सांगणाऱ्या सिस्टरला तीन पाळ्यांत होणारे काम घरी एकटी व्यक्ती करणार आहे याची जाणीव असेल, तरच ‘रात्री दुसरे कोण उठेल’ हा प्रश्न तिच्या तोंडी येतो.

भौतिकोपचार आणि व्यवसायोपचार तज्ज्ञांविषयी थोडक्यात एवढेच, की रुग्णाला पलंगावरून खुर्चीत कसे हलवावे हे शिकवताना हलवणाऱ्याच्या कमरेचाही विचार व्हावा, आणि उंच कमोड वा भिंतीला दांडी यांसारखे साधे फेरफार व्यायामाच्या तक्त्याइतकेच आग्रहाने सुचवले जावेत.

शासकीय रुग्णालयांत ‘समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)’ हे पद नेमके याच कामासाठी उपलब्ध असायला हवे होते. घरची आर्थिक स्थिती, नातेसंबंध आणि देखभालीची खरी शक्यता यांची पाहणी करून ती उपचार करणाऱ्या चमूपुढे ठेवणे हा वैद्यकीय समाजकार्याचा गाभा आहे. प्रत्यक्षात या पदावरील व्यक्तीचा दिवस योजनांची कागदपत्रे, बिलातील सवलती आणि बेवारस रुग्ण यांतच खर्ची पडतो, आणि वॉर्डातील डॉक्टरही त्यांना बोलावतात ते पैशाचा प्रश्न उभा राहिल्यावर. ही टीका त्या अधीक्षकांवर नसून त्यांच्याकडून कारकुनी तेवढी करून घेणाऱ्या व्यवस्थेवर आहे. कायदा तरी याबाबत संदिग्ध नाही: मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाच्या कलम ९८ नुसार रुग्णाला घरी सोडण्यापूर्वी मनोविकारतज्ज्ञाने रुग्ण, त्याचा नामनिर्देशित प्रतिनिधी आणि रुग्ण ज्याच्याकडे राहणार आहे तो कुटुंबीय वा काळजीवाहक यांच्याशी विचारविनिमय करणे अपेक्षित आहे. हे बंधन मानसिक आजारापुरतेच का असावे, मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा मांडीचे हाड मोडल्यानंतर तोच विचारविनिमय अनावश्यक का ठरावा, याचे समाधानकारक उत्तर देता येत नाही.

मनोविकारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ यांच्यापुढील पेच अधिक नाजूक आहे, कारण त्याच कायद्याचे कलम २३ रुग्णाच्या माहितीची गोपनीयता राखण्यास सांगते आणि तिला दिलेल्या मोजक्या अपवादांत नामनिर्देशित प्रतिनिधीचा उल्लेख आहे, प्रत्येक काळजीवाहकाचा नाही. त्यामुळे काही जण ‘रुग्णाची संमती नाही’ म्हणून घरच्यांशी बोलणेच टाळतात, तर काही जण रुग्णाला बाहेर बसवून घरच्यांना सर्व सांगून मोकळे होतात. दोन्ही चुकीचे आहे. काळजीवाहकाचे म्हणणे ऐकून घेण्यास गोपनीयतेची आडकाठी नसते, आजाराविषयीची सर्वसाधारण माहिती देण्यासही नसते, आणि कोणती माहिती कोणाला द्यावी हे रुग्ण बरा असताना त्याच्याशीच ठरवून केसपेपरवर लिहून ठेवता येते.

काळजीवाहकाला सहलाभार्थी मानायचे, तर त्याच्या भाराचे मूल्यमापन करावे लागते. त्यासाठी झारिट यांची २२ प्रश्नांची, ० ते ८८ गुणांची प्रश्नावली जगभर वापरली जाते, परंतु गुण काढून ते फाइलमध्ये लावणे आणि पुढे काहीही न करणे हा काळजीवाहकावर आणखी एक भार टाकण्याचा प्रकार आहे. मूल्यमापनातून जे निघते त्याला उत्तर देणारी व्यवस्था, विशेषतः विसावा-सेवा, म्हणजे काळजीवाहकाला सुटी मिळावी म्हणून रुग्णाला काही तास वा दिवस सांभाळणारी सोय, आपल्याकडे अत्यंत तुटपुंजी असून शहरांत तिची जागा ब्युरोच्या मावशींनी घेतली आहे. त्यांचे प्रशिक्षण, वेतन आणि सुरक्षितता हा स्वतंत्र अंकाचा विषय आहे. जे उपलब्ध आहे त्यात समदुःखी गटांचे मोल मोठे ठरले असून, १९८६ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचा व्यसनी पुरुषांच्या पत्नींसाठीचा ‘सहचरी’ गट याचे महाराष्ट्राला परिचित उदाहरण आहे. व्यसनी पतीला सुधारण्याचे साधन म्हणून नव्हे, तर स्वतःचे दुखणे असलेली व्यक्ती म्हणून पत्नीला तेथे जागा मिळते. पैशाच्या बाजूने पाहता, दिव्यांग अधिनियमाच्या कलम २४ मध्ये अधिक आधाराची गरज असलेल्या व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे, आणि केरळने ‘आश्वासकिरणम्’ योजनेखाली अंथरुणाला खिळलेल्यांच्या काळजीवाहकांना दरमहा ६०० रुपये देऊ केले. रक्कम अल्प आहे, परंतु ती काळजीवाहकाच्या नावे आहे.

रुग्णाचे आणि काळजीवाहकाचे हित नेहमी एकाच दिशेचे नसते, हेही व्यावसायिकांनी स्वीकारले पाहिजे. थकलेल्या हातून वृद्धाला बांधून ठेवणे, जेवण लांबवणे, हात उगारणे घडते आणि ते लपवले जाते. दोषारोपाच्या भीतीने न बोलणाऱ्या काळजीवाहकाला वेळीच एकांतात, रुग्ण आणि इतर नातेवाईक जवळ नसताना, विचारले गेले तर त्यातले बरेचसे टळू शकते. ‘जमत नाही’ हे उत्तर ऐकण्याची तयारी ठेवूनच तो प्रश्न विचारावा लागतो, आणि ते उत्तर आल्यावर संस्थेतील निवास, नातलगांत कामाची वाटणी किंवा उपचाराचा आवाका कमी करणे यांची चर्चा अपराधभाव न जागवता करावी लागते.

या मासिकाची मागणी त्यामुळे मर्यादित आहे. प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर तीन नोंदी सक्तीच्या व्हाव्यात: घरी शुश्रूषा प्रत्यक्ष कोण करणार, त्या व्यक्तीशी स्वतंत्रपणे कोणी आणि केव्हा बोलले, आणि अडचण आल्यास तिने कोणाला फोन करायचा. शासकीय रुग्णालयात ही जबाबदारी समाजसेवा अधीक्षकांकडे आणि ते नसतील तेथे वॉर्डच्या प्रमुख परिचारिकेकडे नावानिशी द्यावी, व त्यासाठी लागणारा वेळ त्यांच्या कामाच्या तासांत धरावा. ग्रामीण भागात हे कार्ड समुदाय आरोग्य अधिकारी व आशा कार्यकर्तीपर्यंत पोचले, तर आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवासंचात असलेल्या वृद्धसेवा आणि परिहारक सेवेला, म्हणजे बरा न होणाऱ्या आजारातील वेदना व त्रास कमी करणाऱ्या सेवेला, कोणाच्या दारी जायचे याचा पत्ता मिळेल. मात्र आशा कार्यकर्तीला प्रत्येक नव्या कामासाठी स्वतंत्र मोबदला द्यावा लागेल, अन्यथा एका बिनपगारी काळजीवाहकाचा भार हलका करण्याचे काम दुसऱ्या अल्पवेतनी स्त्रीवर ढकलले जाईल.