निवडलं कुणी, ठेवलं कुठे?

भिंतीला टेपने चिकटवलेलं केळं तुम्ही मीम्समध्ये नक्की पाहिलं असेल. इटलीच्या मॉरिझिओ कॅटलानने २०१९मध्ये मायामीच्या कलामेळ्यात ते मांडलं आणि २०२४मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला ६० लाख डॉलरहून जास्त किंमत आली. त्यावर कट्ट्यावरची प्रतिक्रिया ठरलेली, ‘हे तर मीही केलं असतं!’ प्रतिक्रिया चुकीची नाही. फक्त ती अर्ध्यावर थांबते.

उरलेलं अर्धं समजायला १९१७च्या न्यूयॉर्कमध्ये जावं लागेल. तिथे ‘सोसायटी ऑफ इंडिपेंडंट आर्टिस्ट्स’ या नव्या संस्थेने मोठं प्रदर्शन भरवलं होतं. नियम सोपा. परीक्षक नाहीत, बक्षिसं नाहीत. सहा डॉलर भरा आणि आपलं काम मांडा. त्यात ‘आर. मट’ या नावाने एक वस्तू आली. दुकानात विकत मिळणारी, चिनी मातीची पुरुषांची मुतारी! ती आडवी ठेवलेली, कडेला सही आणि साल. शीर्षक ‘फाउंटन’, म्हणजे कारंजं. संचालकांत जोरदार वाद झाला आणि ती मांडायची नाही असं ठरलं. त्यावर मंडळातल्याच मार्सेल द्युशाँने राजीनामा दिला. टोपणनावाआड तोच होता.

त्याने स्वतःच्या हाताने काय घडवलं? काहीच नाही. पण त्याने एक वस्तू निवडली, आडवी करून तिचा उपयोग काढून घेतला, तिला नवं नाव दिलं आणि नेमकी त्या जागी पाठवली जिथे ‘सगळ्यांना दार उघडं’ अशी पाटी होती. नळाच्या सामानाच्या दुकानात तीच मुतारी गप्प बसली असती. इथे तिने आयोजकांना विचारलं, ‘सगळ्यांना म्हणजे खरंच सगळ्यांना ना?’ वस्तू तीच, पण संदर्भ बदलला आणि ती बोलायला लागली. मूळ वस्तू पुढे हरवली. आज संग्रहालयांत दिसतात त्या नंतर केलेल्या प्रतिकृती. प्रश्न मात्र शंभर वर्षांनंतरही शिल्लक आहे.

म्हणूनच कॉलेजच्या फेस्टमध्ये कुणी कोपऱ्यात जुना कमोड ठेवून ‘इन्स्टॉलेशन’ अशी चिठ्ठी लावली, तर ते आपोआप कला होत नाही. ती द्युशाँची निवड होती, त्याच्या काळाला विचारलेला प्रश्न होता. आपल्या काळासाठी वस्तू आपल्यालाच शोधावी लागते. सुबोध गुप्ता यांनी ती स्वयंपाकघरात शोधली. आपल्या रोजच्या स्टीलच्या भांड्यांपासून त्यांनी २००६मध्ये एक अवाढव्य मानवी कवटी उभारली आणि तिला ‘व्हेरी हंग्री गॉड’ असं नाव दिलं. ज्या भांड्यांत आपण पोटभर जेवतो, तीच तिथे भुकेबद्दल बोलतात.

आता जरा आपल्या घरातल्या मांडणीकडे बघा. रव्याच्या एखाद्या डब्यावर मशीनने टिंबाटिंबांनी कोरलेलं नाव असेल. आजीच्या लग्नातली तारीख, ‘मामाकडून सप्रेम भेट’ असं काहीतरी. रोज हाताळूनही आपण ते वाचलेलं नसतं. समजा, वर्गातल्या पन्नास जणांनी घरून असा एकेक डबा आणला आणि रिकाम्या खोलीत ओळीने मांडला. ज्यांचं माहेरचं नाव नातवंडांना आठवतही नाही, अशा पन्नास बायकांची ती हजेरी होईल. आणि डब्यावर तिचं स्वतःचं नाव कुठेच नसून फक्त देणाऱ्यांचीच नावं निघाली, तर? त्या खोलीत उभं राहून ‘यात काय विशेष?’ असं आपण म्हणू का?

निवड म्हणजे मेहनतीतून पळवाट नव्हे. हजार वस्तूंतून हीच का, आणि इथेच का, याचं उत्तर देण्याची ती जबाबदारी आहे. हे उत्तर मिळत नसेल तर समोरचं काम कितीही महाग असो, त्याला भुलायचं कारण नाही. मिळत असेल तर मात्र हसण्याआधी दोन मिनिटं थांबायला हवं. पुढच्या वेळी ‘हे तर मीही केलं असतं’ असं ओठांवर आलं, तर स्वतःला एवढंच विचारा, ‘मी काय निवडलं असतं?’