शटर, संस्कृती आणि झोप

सदाशिव पेठेत आम्ही ज्या इमारतीत राहतो, तिच्या तळमजल्यावर एक अमृततुल्य आहे. इथे वाडा होता तेव्हाही ते होतेच. वाडा पाडून इमारत उभी राहिली, तेव्हा मालकांना रस्त्यालगतचा गाळा मिळाला आणि पितळी भांडे, खलबत्ता व गणपतीची तसबीर घेऊन ते तिथे बसले. पहाटे पाचला उघडायचे आणि रात्री दहाच्या सुमारास शटर ओढायचे, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. २०२५ च्या दिवाळीनंतर मालकांच्या चिरंजिवांनी दुकान रात्री तीनपर्यंत उघडे ठेवण्यास सुरुवात केली. त्यावरून इमारतीत जे घडले, त्याविषयी आम्हांला येथे भांडायचे आहे. भांडण दुकानदाराशी आहे तसे ते शेजाऱ्यांशीही आहे. आणि विरोधाचा पहिला अर्ज आम्हीच लिहिला असल्यामुळे काही अंशी स्वतःशीही आहे. (आम्ही दोघेही मराठी शिकवतो. त्यामुळे इमारतीतला कोणताही अर्ज, मग तो पाण्याच्या टाकीचा असो वा कुत्र्यांचा, लिहायला आमच्याच घरी येतो.)

चिरंजिवांची बाजू थोडक्यात सांगण्यासारखी आहे, कारण ती एका कागदावर मावते आणि तो कागद त्यांनी गल्ल्यामागे चिकटवूनच ठेवला आहे. १ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्य शासनाने निर्णय काढून स्पष्ट केले की, मद्यविक्री करणारी ठिकाणे वगळता अन्य दुकाने व आस्थापना चोवीस तास उघड्या ठेवता येतील. यात नवे फारसे काही नव्हते. १९४८ च्या जुन्या कायद्यात दुकाने उघडण्या-मिटण्याच्या वेळा ठरवून दिलेल्या होत्या. त्याची जागा घेणाऱ्या २०१७ च्या कायद्याने त्या काढून टाकल्या होत्या. तरीही पोलीस दुकाने बंद करायला लावतात, अशा तक्रारी होत होत्या, म्हणून हे स्पष्टीकरण. तेव्हा दुकान उघडे ठेवण्याचा हक्क चिरंजिवांना आहे, हे आम्ही मान्य करतो. वाद तिथे नाहीच.

वाद आहे तो बैठकीत काय झाले त्याविषयी. आमच्या मसुद्यात तीन वाक्ये होती. दुकानासमोर रात्री बारानंतर तीस-चाळीस माणसे उभी असतात. दुचाकींच्या आणि बोलण्याच्या आवाजाने पहिल्या दोन मजल्यांवर झोप लागत नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री दहा ते सकाळी सहा या काळात निवासी भागातील आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, ती पाळली जावी. साधे संभाषण साठ डेसिबलच्या घरात जाते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या तिसऱ्या वाक्यात सगळे काही येऊन गेले आहे, हे कळेल. पण सभासदांना मसुदा फिका वाटला. एकाने ‘पेठेची संस्कृती’ घातली. दुसऱ्याने ‘बाहेरगावची मुले’ घातली. तिसऱ्याने ‘रात्री-अपरात्री मुला-मुलींचे घोळके’ सुचवले, आणि ‘घोळके’च्या आधी ‘नको त्या अवस्थेत’ हवे की नको यावर दहा मिनिटे चर्चा झाली. शेवटी तयार झालेला अर्ज दीड पानांचा होता. त्यात झोप हा शब्द एकदाही नव्हता. आम्ही काय केले? आम्ही त्यातले ऱ्हस्व-दीर्घ तपासले. पंचवीस वर्षे भाषा शिकवून आम्ही एका वाईट मजकुराला शुद्ध करून दिले.

ही बाहेरगावची मुले कोण, हे पेठेत कुणालाही सांगावे लागत नाही. बीड, लातूर, परभणी, यवतमाळ इथून राज्यसेवेच्या परीक्षांसाठी आलेली ही मुले आहेत. सदाशिव पेठ आणि नवी पेठ यांचे निम्मे अर्थकारण आज त्यांच्यावर चालते : अभ्यासिका, खानावळी, झेरॉक्सची दुकाने, जुन्या पुस्तकांचे गठ्ठे, आणि ‘कॉट बेसिस’वर दिलेल्या खोल्या. आमच्याच इमारतीतल्या पाच सदनिका कॉट बेसिसवर दिलेल्या आहेत. एका खोलीत चार कॉट, प्रत्येक कॉटचे वेगळे भाडे. अर्जावर पहिली सही ज्यांची आहे, त्यांच्या मालकीच्या यांतल्या दोन. दिवसा जी मुले भाडेकरू असतात ती रात्री बारानंतर संस्कृतीवरचे संकट कशी होतात, हे कोडे आम्हांला बैठकीतही सुटले नाही. विचारण्याचे धैर्य मात्र झाले नाही, हेही नोंदवतो.

संस्कृतीचेच म्हणाल, तर मराठी संस्कृती रात्री दहाला दिवा मालवून झोपणारी आहे, हे कुणी कुठे वाचले? गोंधळ रात्रभर चालतो. जागर हा शब्दच जागण्यावरून आला. दशावतार आणि तमाशा पहाटेपर्यंत रंगावा अशी प्रेक्षकांची अपेक्षाच असे. भारूड, भजन, कीर्तन यांना रात्र अपुरी पडे, आणि ती संपता संपता वासुदेव दारात येई. आमच्या अभ्यासक्रमातला लोकसाहित्याचा अख्खा भाग जागरणावर उभा आहे. लांब कशाला, आमच्या पेठेत पावसाळा लागला की ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो आणि विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवशीही संपलेली नसते. त्याविरुद्ध इमारतीतून आजवर एकही अर्ज गेलेला नाही. आम्हीही लिहिलेला नाही. उत्सवांसाठी वर्षातले मोजके, पंधरापर्यंत, दिवस मध्यरात्रीपर्यंतची सवलत नियमांत आहे. पण मध्यरात्रीनंतर काय, हे आपण विचारत नाही, कारण तिथे विचारणे अंगावर येते. चहाच्या दुकानाला विचारणे सोपे.

आणखी एक गंमत. ज्या पुणेरीपणाच्या नावाने हा अर्ज गेला, त्या पुणेरीपणाचे अमृततुल्य हे एक प्रतीक मानले जाते. पुण्यातली जुनी अमृततुल्ये चालवणारी बरीच घराणी राजस्थानातून आली आहेत. आमच्या इमारतीतलेही त्यांतलेच. म्हणजे बाहेरून आलेल्यांनी बाहेरून आलेल्यांना चहा दिला, आणि त्याने पेठेची परंपरा बुडाली!

आता दुसऱ्या बाजूकडे वळू, कारण ती अधिक चलाख आहे. ‘जागते शहर’ ही कल्पना गेली काही वर्षे मोठ्या उत्साहाने मांडली जात आहे. २०२० च्या जानेवारीत मुंबईतल्या अनिवासी भागांतील मॉल आणि उपाहारगृहे रात्रभर उघडी ठेवण्याचे धोरण मंत्रिमंडळाने मंजूर केले, तेव्हा रोजगार, पर्यटन, आधुनिकता असे शब्द पुष्कळ ऐकू आले. भाषेचे शिक्षक म्हणून आमचे लक्ष एका साध्या वाक्याकडे जाते : ‘दुकान रात्रभर उघडे राहील.’ या वाक्यात दुकान हा कर्ता आहे. दुकान आपले आपण उघडे राहते. ते उघडे ठेवणारा, भांडी विसळणारा, दूध आटवणारा, पेंगत पैसे मोजणारा या वाक्यात कुठेच नाही. पुण्यातल्या दुपारी एक ते चार बंद असणाऱ्या दुकानांवर दोन पिढ्या विनोद करण्यात आले. चितळे बंधूंनी २०१७ साली दुपारीही दुकान उघडे ठेवायचे ठरवले तेव्हा तर त्याची बातमी झाली. हे विनोद आम्हीही वर्गात सांगितले आहेत आणि मुले हसली आहेत. पण ते सगळे विनोद गिऱ्हाइकाच्या बाजूचे होते. काउंटरमागचा माणूस त्या तीन तासांत जेवत असेल, आडवा होत असेल, ही गोष्ट विनोदात कधी आली नाही.

बंद होण्याची वेळ ही जुनाटपणाची खूण आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी नारायण मेघाजी लोखंडे यांचे स्मरण करावे. ‘दीनबंधू’चे हे संपादक सत्यशोधक होते आणि गिरणी कामगारांचे पहिले पुढारी. आठवड्यातून एक दिवस गिरणी बंद राहावी, एवढ्या मागणीसाठी त्यांना अनेक वर्षे झगडावे लागले. १० जून १८९० ला मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. गिरणीचा भोंगा थांबणे हे त्या काळी मागासपणाचे लक्षण नव्हते, ती कमाई होती. दुकान बंद होण्याची वेळही त्याच कुळातली आहे. ती वरून, शास्त्रातून वा संस्कृतीतून उतरलेली नाही.

तर आमच्या दुकानात दोन पोरे कामाला आहेत. दोघेही मालकांच्या गावाकडचे, विशीच्या आतबाहेरचे. चिरंजिवांनी रात्र वाढवली, पण थोरल्या मालकांनी पहाट सोडलेली नाही. दूधवाला, पेपरवाला आणि फिरायला निघालेली मंडळी हे त्यांचे जुने गिऱ्हाईक. रात्री तीनला शटर ओढले जाते आणि पहाटे पाचला उघडते. पोरे शटरच्या आत, बाकांवर झोपतात. आलटूनपालटून दुपारी डुलकी घेतात म्हणे. दीड पानांच्या अर्जात या दोघांबद्दल एक अक्षर नव्हते, आणि गल्ल्यामागच्या कागदाचाही त्यांना काही उपयोग नाही. कारण २०१७ च्या कायद्यातल्या कामाच्या तासांच्या आणि साप्ताहिक सुट्टीच्या तरतुदी मुळात दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होत्या, आणि २०२५ च्या सप्टेंबरात ती मर्यादा वीसवर नेण्यास मंत्रिमंडळाने मान्यता दिली. दोन पोरांचे दुकान दहाच्याही खाली आणि वीसच्याही खाली. मालकाला चोवीस तासांचे स्वातंत्र्य आहे; पोरांच्या नऊ तासांचा हिशेब मात्र कुणी मागणार नाही.

पहिल्या मजल्यावर, दुकानाच्या बरोबर वर, एक परिचारिका राहतात. सकाळच्या पाळीला त्यांना साडेपाचला निघावे लागते. बैठकीला त्या नव्हत्या, कारण कामावर होत्या. नंतर अर्ज दाखवला तेव्हा त्यांनी तो वाचला, सही केली आणि म्हणाल्या, “यात माझं काही नाहीये, पण तुम्ही लिहिलंय तर करते.” आम्हांला नव्याने लिहावे असे वाटले ते या वाक्यामुळे.

आक्षेप येईल तो माहीत आहे. रात्रीची माणसे असतात : रिक्षावाले, रुग्णालयाबाहेर बसलेले नातेवाईक, शेवटच्या गाडीने उतरलेले प्रवासी. त्यांना चहा नको का? हवा. रेल्वे स्थानकापाशी, स्वारगेटला, रुग्णालयांच्या दारांत तो रात्रभर मिळायला हवा, आणि तिथे कुणी हरकत घेतली तर आम्ही दुकानदाराच्या बाजूने अर्ज लिहू. वेगवेगळ्या भागांसाठी वेगवेगळ्या वेळा ठरवण्याचा अधिकार २०१७ च्या कायद्याने शासनाकडे ठेवलेला आहे. तो वापरण्याऐवजी सगळीकडे एकच मोकळीक देऊन टाकणे ही सोय झाली, धोरण नव्हे. आणि मुलांचे म्हणाल, तर ती रात्री दोनला चहाच्या दुकानापुढे का उभी असतात? अभ्यासिकेतून बाहेर पडल्यावर चार पावले मोकळे होण्यासाठी, बोलण्यासाठी त्यांना पेठेत दुसरी जागाच नाही. जोतीराव फुल्यांनी याच पुण्यात १८५५ साली दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती. आज चहा चोवीस तास मिळू शकतो. आमच्या महाविद्यालयाचे ग्रंथालय, वाचनकक्ष आणि भलेमोठे आवार मात्र संध्याकाळी साडेपाचला कुलूपबंद होते. ते रात्री अकरापर्यंत उघडे ठेवावे, असा ठराव आम्ही प्राध्यापकांनी कधी मांडलेला नाही. मांडला असता तर कर्मचाऱ्यांच्या पाळ्यांचा आणि वेतनाचा प्रश्न आला असता, आणि तो आला असता म्हणूनच मांडला नाही. असो, तो या महिन्यात मांडत आहोत.

अर्जही पुन्हा लिहिला आहे. त्यात चार गोष्टी मागितल्या आहेत. रात्री अकरानंतर दुकानाबाहेरचे बाक आणि उभे राहण्याचे ओटे काढावेत. इमारतीखाली दुचाकी लावू देऊ नयेत. जो दिवस रात्री उशिरा संपेल त्याची पहाट दुसऱ्या माणसांनी उघडावी, म्हणजे दोन्ही पोरांना सलग सात तास झोप मिळेल. आणि ढोल-ताशाच्या सरावालाही वेळेचा तोच नियम लागू करावा. संस्कृती, घोळके, बाहेरगावची मुले हे शब्द नाहीत. झोप तीनदा आली आहे.

पहिल्या अर्जावर एकतीस सह्या होत्या. या अर्जावर आजपर्यंत सहा झाल्या आहेत. त्यांत आमच्या दोन, परिचारिकेची एक, आणि कॉट बेसिसवर राहणाऱ्या तीन मुलांच्या तीन. चौथ्या मागणीपाशी आले की बहुतेक जण पेन खाली ठेवतात.